चार तास अकरा मिनिटं

ऑरिन टीटरला खाली उतरायला आवडायचं नाही, हे अख्ख्या पार्डी हॉलोला ठाऊक होतं. वर जायची हौस गावात दहा-बारा जणांना तरी होती. शेमंग नदीच्या पलीकडे जो लांबलचक डोंगर आहे, त्यावर वायव्येचा वारा आपटला की तो वर चढतो, आणि त्या चढत्या वाऱ्यावर बिनइंजिनाचं ग्लायडर तासन्‌तास तरंगत ठेवता येतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. पण बाकीचे लोक जेवायच्या वेळेला खाली यायचे. ऑरिनची बायको व्हर्ना अंगणात उभी राहून पांढरा टेबलक्लॉथ हलवायची, आणि हा गडी वरून पंख हलवून उत्तर द्यायचा, की दिसलं बरं का, आणि पुन्हा डोंगराच्या कडेकडेनं निघून जायचा. बटाटे गार व्हायचे. व्हर्ना म्हणायची, "मी माणसाशी लग्न करतेय की घारीशी, हे तेव्हाच चर्चमध्ये विचारून घ्यायला हवं होतं."

धंद्यानं तो सुतार. खुर्च्या करायचा, आणि अशा करायचा की त्यांतली एकही आजवर कुरकुरलेली नाही. पण माणूस हट्टी. आपल्याला जे येतं तेच जगात महत्त्वाचं, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि अशी समजूत असलेल्या माणसाला कुणी शहाणपण सांगायला गेलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती दोघं बोलत नसत, आणि गावानंही कधी विचारलं नाही. तेवढी लाज आमच्याकडे होती.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात लष्कराला एकाएकी ग्लायडर चालवणारे हवे झाले, तेही हजारांनी. मोठाली ग्लायडरं विमानांच्या मागे दोरानं बांधून न्यायची, त्यांत शिपाई भरायचे, आणि शत्रूच्या मुलखात दोर सोडून द्यायचा, असा बेत होता. तिथून ती कशी उतरवायची हे शिकवायला छोटी, दोन जणांची ग्लायडरं आली, पुढे शिकणारा आणि मागे शिकवणारा. शिकवू शकतील अशी माणसं मात्र सगळ्या देशात मूठभर. ऑरिन त्या मुठीतला. लष्कराचा साहेब खुद्द त्याच्या सुतारशाळेत येऊन भुशात उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्टर टीटर, देशाला तुमची गरज आहे." आयुष्यभर ज्याला लोक रिकामटेकडा छंद म्हणत आले, त्यासाठी हे ऐकायला मिळालं. ऑरिनला गणवेश नव्हता, नुसती खाकी टोपी मिळाली होती. ती तो गोठ्यात दूध काढतानाही घालायचा.

बराकी बांधून व्हायच्या होत्या, म्हणून शिकायला आलेली पोरं घरोघर वाटली. टीटरांकडे सहा आली. आणि तिथं ऑरिननं आपला नियम काढला. स्वयंपाकघरात एक फळा टांगला. दिवसभरात कोण किती मिनिटं वर राहिला, ते संध्याकाळी त्यावर लिहायचं. ज्याची मिनिटं सगळ्यांत कमी, त्यानं त्या रात्री सगळ्यांची भांडी घासायची. गंमत म्हणून काढलेला नियम, पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना काय लागतं? आठवड्याभरात त्या फळ्यापायी ती एकमेकांच्या उरावर बसायला लागली. सुरुवातीला व्हर्नाही खूश होती. "घरात सहा धटिंगण," ती शेजारणीला सांगायची, "आणि मला एक बशी विसळावी लागत नाही."

मिनिटं वाढवायची कशी? उंची संपत आली, खाली मैदान आलं, की शहाणा माणूस उतरतो. ऑरिन उतरू द्यायचा नाही. मागच्या सीटवरून ओरडायचा, "अजून आहे, अजून आहे, ताण." मैदान सोडून पुढे जायचं, नाक जरासं वर धरायचं, झाडांवरून, कौलांवरून कुठूनतरी वाऱ्याचा एखादा उमाळा मिळतो तो शोधायचा, आणि मिळाला नाही तर शेवटच्या श्वासावर पलीकडच्या कुरणात टेकायचं. याला तो ताणणं म्हणायचा. हलक्या ग्लायडरला ते चालून जातं. "उतरण्यात काय आहे?" तो म्हणायचा. "बटाट्याचं पोतंसुद्धा उतरतं."

हे पोतं म्हणजे मिलो पावलिक. क्लीव्हलंडचा, स्लोव्हाक खाटकाचा मुलगा, हात जाडजूड, मान त्याहून जाड. दोर सुटला की मिलो पहिलं काय करायचा, तर खाली मैदान बघायचा. ते दिसलं की उतरायचा. अठरा मिनिटं, बावीस मिनिटं, एकदा तर अकरा. त्यानं ओळीनं तेरा रात्री भांडी घासली.

"पावलिक," ऑरिन जेवताना म्हणायचा, "तुला वरती काही चावतं का रे?"

"नाही, मिस्टर टीटर. पण खाली जागा दिसली की मला वाटतं, ही घ्यावी. पुढची असेल-नसेल."

"मग तू ग्लायडरवर कशाला आलास? लिफ्टवर नोकरी करायची."

सगळे हसायचे. मिलोही हसायचा, आणि उठून नळाकडे जायचा. व्हर्ना शेजारी उभी राहून भांडी पुसायची. त्या तेरा रात्रींत तिला त्याच्या आईचा संधिवात, बापाची सॉसेजं, धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न, सगळं कळलं.

आणि दुसरा एमेट लुंडीन. नेब्रास्काचा, सपाट मक्याच्या मुलखातला. पहिल्या दिवशी डोंगर बघून त्यानं नकळत टोपी काढली, असा पोरगा. त्याचा हात सुकाणूच्या काठीवर पडला की ग्लायडर कुजबुजत चालल्यासारखं व्हायचं. तिसऱ्याच दिवशी ऑरिन घरी येऊन व्हर्नाला म्हणाला, "ह्याला मी काय शिकवणार?" हे त्यानं कुणाबद्दल म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी एमेट सुतारशाळेत जाऊन बसायचा, रंधा मारायचा, गप्प राहायचा. ऑरिनलाही गप्प राहणारं माणूस हवंच होतं. ऑगस्टमध्ये एकदा ऑरिन खाली मान घालून, खुर्चीचा पाय घासत म्हणाला, "लढाई संपली की इकडेच ये. दुकानाच्या पाटीवर दोन नावं मावतील."

एमेट म्हणाला, "मावतील."

व्हर्नानं हे दारातून ऐकलं. ती तशीच मागे फिरली.

त्याच ऑगस्टमध्ये नवा कॅप्टन आला. त्यानं मैदानात चुन्यानं एक चौकोन आखला आणि सांगितलं, "आजपासून वेळ मोजणं बंद. हजार फुटांवर दोर सोडायचा आणि या चौकोनात उतरवायचं. लगेच. लढाईतलं ग्लायडर भरलेलं असतं, मिस्टर टीटर. त्याला तुमचा वारा उचलत नाही. पहिली जागा मिळाली की ती घ्यायची, एवढंच या पोरांना यायला हवं."

ऑरिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ज्याला वर राहता येत नाही, तो पायलट कसला?"

"मला पायलट नकोत," कॅप्टन म्हणाला. "तेरा माणसं जिवंत खाली आणणारे हवेत."

झालं. ऑरिननं सकाळी, कॅप्टन बघत असताना, चौकोन शिकवला. दुपारनंतर कॅप्टन कचेरीत गेला की मिनिटं. फळा तसाच राहिला. व्हर्ना म्हणाली, "अरे, तो माणूस काहीतरी सांगतोय. ऐकून तर घे." ऑरिन म्हणाला, "त्यानं डोंगरावर एक तास तरी काढलाय का?" व्हर्ना म्हणाली, "त्याला पोरांना डोंगरावर नाही पाठवायचंय." पण नवरा ऐकत नाही म्हणून रोज किती भांडायचं? तिनं सोडून दिलं. पुढे ती स्वतःलाही याबद्दल बोल लावायची.

सप्टेंबरच्या एका दुपारी वायव्येचा वारा असा सुटला की तसा वर्षातून एकदाच सुटतो. एमेट एकटा वर गेला. एक तास झाला, दोन झाले, मिलो सतराव्या मिनिटाला उतरून गवतात लोळत होता. तीन तास. ऑरिन मैदानात खुर्ची टाकून बसला आणि खुर्चीवरून उठला नाही. चार तासांनंतर वारा पडला. एमेट डोंगरावरून आत आला तेव्हा त्याच्याकडे उंची उरलीच नव्हती. अलीकडचं कुरण मोकळं होतं, तिथं तो आरामात उतरला असता. पण त्यानं ते सोडलं आणि मैदानापर्यंत ताणलं. कडेच्या मेपलच्या शेंड्यांना पोट घासून ग्लायडर आत आलं आणि धप्पकन बसलं. चार तास अकरा मिनिटं.

त्या क्षणी मास्तरानं शिष्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. कुठल्याही मास्तरानं. ऑरिननं धावत जाऊन त्याला मिठी मारली. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर बाकी सगळ्यांचे आकडे पुसून एवढाच एक आकडा वीतभर उंचीचा लिहिला. व्हर्ना मैदानावर जाऊन आली होती. तिनं मुठीतली मेपलची पानं टेबलावर, ऑरिनच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही ग्लायडरच्या पोटाखालच्या पट्टीत अडकली होती."

"मेपल आहे," ऑरिन म्हणाला.

"मला मेपल कळतो, ऑरिन."

त्यानं पानं बाजूला सारली आणि जेवणावरचं गोड मागितलं. रुबार्बच्या आंबट देठांची पाय-पेस्ट्री होती, साखर कमी पडलेली.

पुढल्या महिन्यात पोरं गेली, दुसरी आली, मग लष्करानं ती शाळाच बंद केली आणि ग्लायडरं कुठंतरी दक्षिणेला नेली. एमेटची पत्रं यायची, आधी टेक्सासहून, मग इंग्लंडहून. चव्वेचाळीसच्या जुलैत ऑरिनचं एक पत्र परत आलं, आणि त्यामागून नेब्रास्काहून एमेटच्या बापाचं, ऑस्कर लुंडीनचं, चार ओळींचं कार्ड. मुलगा नॉर्मंडीत, सहा जूनच्या संध्याकाळी, उतरताना गेला. तुमच्याबद्दल तो फार लिहायचा. तो कामात कसा होता ते कळवलंत तर त्याच्या आईला बरं वाटेल.

ऑरिन तीन दिवस दुकानात गेला नाही. मग बसून त्यानं पत्र लिहिलं. लिहिणारा माणूस नव्हता तो, पण हे पत्र त्यानं मनापासून लिहिलं, व्हर्नालाही वाचून दाखवलं नाही. त्यात म्हटलं होतं, माझ्या हाताखालून एकशे चाळीस मुलं गेली, पण एमेटइतका वेळ कुणीही वर राहिलं नाही.

सेहेचाळीसच्या मे महिन्यात मिलो पावलिक दारात उभा राहिला. अंगावर साधा कोट, काखेत कागदात गुंडाळलेली सॉसेजं. तो व्हर्नाला भेटायला आला होता, ते त्यानं लपवलंही नाही. व्हर्नानं त्याचे दोन्ही गाल धरले आणि तिला रडू आलं.

"आलं का पोतं," ऑरिन म्हणाला. मनापासून आनंद झाला होता त्याला. "ये, बस. उतरायची जागा सापडली म्हणायची."

जेवण झाल्यावर ऑरिननं एमेटचं काढलं. मिलो टाळत होता. बहिणीचं सांगितलं, तिला बाळ झालं ते सांगितलं. ऑरिननं पुन्हा विचारलं. शेवटी मिलो म्हणाला, "मी त्याच्या मागेच होतो, मिस्टर टीटर."

"म्हणजे तू पाहिलंस."

"पाहिलं. खाली शेतं होती, छोटी छोटी, प्रत्येकाला उंच झाडांचं कुंपण. आम्ही एकाच वेळी दोर सोडला. पहिलं शेत त्याच्या बरोबर खाली होतं. लहान होतं, पण होतं. मी त्यातच घातलं. कुंपणात घुसलो, पंख गेले, माझे दोन दात गेले. आतली सगळी माणसं चालत बाहेर पडली."

"आणि एमेट?"

मिलो व्हर्नाकडे बघायला लागला. ती म्हणाली, "सांग बाळा. त्याला ऐकायचंय."

"पलीकडचं शेत मोठं होतं. मधे झाडं होती. त्याला वाटलं, पोचेन."

ऑरिन खुर्चीत सरळ बसला. मग म्हणाला, "ताणलं त्यानं."

"हो, मिस्टर टीटर. ताणलं."

"नाक वर धरून?"

"हो."

मिलोनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मिलो दुसऱ्या दिवशी गेला, आणि ऑरिन स्वयंपाकघरात जाऊन बसला. फळा कधीच उतरवला होता, तिथं आता कॅलेंडर होतं. त्याच्याकडे न बघता तो म्हणाला, "व्हर्ना, त्याला मी मारलं."

नवऱ्याची समजूत घालायची तिची फार इच्छा होती. ती म्हणाली, "लढाईनं मारलं, ऑरिन." पण ते म्हणायला तिला जरा उशीर झाला, आणि तो उशीर त्याला कळला.

जुलैमध्ये नेब्रास्काहून पाकीट आलं. ऑस्कर लुंडीननं लिहिलं होतं, एमेट फ्रान्समध्येच पुरलेला आहे, पण इथं आमच्या चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड उभा करतोय. तुमचं पत्र पास्टरनं सगळ्यांसमोर वाचलं होतं. त्यातलं एक वाक्य दगडावर कोरावं असं त्याच्या आईच्या मनात आहे. ‘याच्याइतका वेळ कुणीही वर राहिलं नाही.’ तुमची हरकत नसेल ना? मक्याची कापणी झाली की पाथरवट काम सुरू करेल.

ऑरिननं उत्तर लिहायला घेतलं. एकदा, चारदा, दहादा. हरकत नाही असं लिहिलं की हात थांबायचा, हरकत आहे असं लिहिलं की कारण लिहावं लागायचं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. सुतारशाळेत खुर्च्यांचे पाय लांब-आखूड व्हायला लागले. व्हर्नानं शेवटी त्याची बॅग काढून पलंगावर ठेवली.

"पत्रात मावायचं नाही ते," ती म्हणाली. "जाऊन ये."

"जाऊन काय सांगू? तुमच्या मुलाचं दगडावर जे कोरताय, त्यानंच तो गेला, असं?"

"ते मला विचारू नकोस. पण कोरून झाल्यावर तुला झोप येणार नाही, आणि तुला झोप आली नाही की मलाही येत नाही."

दोन दिवस गाडीत बसून तो गेला. शिकागोला गाडी बदलली तेव्हा तिथूनच परत फिरावं असं त्याच्या मनात आलं होतं, हे त्यानं पुढे व्हर्नाला सांगितलं. स्टेशनवर ऑस्कर लुंडीन न्यायला आला होता. उंच, वाळलेला, एमेटसारखाच गप्प. घरी पोचल्यावर ऑरिन आत जायच्या आधीच म्हणाला, "मला आधी तुमच्याशी बोलायचंय. एकट्याशी."

दोघं मक्याच्या कणगीजवळ गेले. अर्धी कणगी भरली होती. ऑरिननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फळा, भांडी, कॅप्टन, चुन्याचा चौकोन, मेपलचे शेंडे, मिलोनं पाहिलेलं शेत. काही गाळलं नाही. कॅप्टननं काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. 

ऑस्करनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्यानं एक कणीस उचललं, बोटांनी दाणे चाचपले, परत टाकलं.

"त्याच्याबरोबर किती गेले?"

"सहा. दुसरा पायलट आणि पुढे बसलेले पाच."

"त्यांच्या घरच्यांना हे माहीत आहे?"

"नाही. मला त्यांची नावंही माहीत नाहीत."

"हं." ऑस्कर शेताकडे बघत राहिला. "त्यानं आम्हाला लिहिलं होतं. तिथं असेपर्यंत मला एकदाही भांडी घासावी लागली नाहीत म्हणून. त्याच्या आईनं ते पत्र बायकांच्या मंडळात वाचून दाखवलं होतं."

ऑरिनला वाटलं, आता हा हात उगारेल. उगारावा असंही वाटलं. ऑस्कर म्हणाला, "पाथरवटाला सांगतो, नाव आणि तारखा एवढंच घाल. बायकोला, हिल्माला, सांगेन की जागा पुरत नाही. तुम्ही तिला यातलं काही बोलू नका."

"मी माफी मागायला..."

"ते कळलं मला," ऑस्कर म्हणाला. "चला, जेवण थांबलंय." माफी दिली की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीही नाही.

हिल्मा लुंडीननं बटाट्याची सॉसेजं केली होती, वेलदोड्याचा ब्रेड भाजला होता, आणि टेबलावर ठेवणीतल्या बश्या मांडल्या होत्या. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, हात सतत चाललेले. ऑरिनला तिनं एमेटच्या खुर्चीवर बसवलं. प्रार्थना झाली. ती बघत होती म्हणून ऑरिन खात राहिला. कॉफी ओतून झाल्यावर ती समोर बसली, तिनं पदराला हात पुसतात तसे एप्रनला हात पुसले आणि ते टेबलावर जोडून ठेवले.

"मिस्टर टीटर, माझं एक ऐकाल? ते चार तास अकरा मिनिटं. त्यानं लिहिलं होतं, पण एकाच ओळीत. मुलगे असेच लिहितात. तुम्ही तिथं होता. मला सगळं सांगा, पहिल्यापासून."

ऑरिननं ऑस्करकडे पाहिलं. ऑस्कर ब्रेडला लोणी लावत होता, त्यानं मान वर केली नाही.

मग ऑरिननं सांगितलं. वारा कुठून सुटला, दोर किती वाजता सोडला, एमेटनं डोंगराच्या टोकापर्यंत कसे फेरे घातले, दुसऱ्या तासाला एक ससाणा त्याच्या पंखाशेजारून कसा उडत होता. ती मधेच विचारायची, थंडी होती का, त्याच्या अंगात स्वेटर होता का, आणि तो सांगायचा, होता, निळा. तिसरा तास सांगितला, चौथा सांगितला. वारा पडला तिथपर्यंत आला आणि त्यानं कॉफीचा कप उचलला.

"मग?" हिल्मा म्हणाली.

"मग उतरला."

"कुठं?"

"जवळच एक मोकळं कुरण होतं," ऑरिन म्हणाला. "ते दिसल्याबरोबर त्यानं घेतलं. अगदी अलगद उतरला, मधोमध."

हिल्मानं सुस्कारा सोडला. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. "वाटलंच मला," ती म्हणाली. "उगाच धोका घेणाऱ्यातला तो नव्हताच. हो ना, मिस्टर टीटर?"

ऑरिन हो म्हणाला.